मॅनिफोल्डमधून ओढलेला कापूस

मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रक म्हणजे एका पानाचा मामला. वर काय झालं, मधे कोणी केलं, खाली आम्हाला काय पाहिजे. वाचणारा चहाच्या गाड्यावर उभा असतो, त्याला तेवढाच वेळ असतो. या अंकाचे संपादक म्हणाले, ताई, तुमच्या धंद्याबद्दल सविस्तर लिहा, फक्त भाषण नको. भाषण नको हे मला सगळेच सांगतात. प्रयत्न करते.

खामगावात माझं एका शटरचं वर्कशॉप आहे. जुन्या मोटारींचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मी आतून घासून देते. याला पोर्टिंग म्हणतात. गावात निम्म्या लोकांना वाटतं मी सायलेन्सर विकते, उरलेल्यांना वाटतं मी कोणाच्या तरी दुकानावर बसले आहे आणि मालक जेवायला गेलाय. मालक कुठं आहेत, असं विचारणाऱ्याला मी खुर्ची देते आणि हात धुऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहते. बहुतेक जण समजतात.

काम काय ते साध्या शब्दांत सांगते. इंजिनात पेट्रोल जळलं की जळका वायू बाहेर पडायला हवा. चार सिलिंडर असतील तर चार भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. या चार भोकांवर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक भाग बोल्टांनी बसवलेला असतो. चार नळ्या पुढे जाऊन एक होतात आणि वायू पाइपातून सायलेन्सरकडे जातो. हा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. जुन्या ओतकामात नळीच्या आत खरबरीतपणा राहतो, साच्याची शिवण राहते, आणि इंजिनाचं भोक व नळीचं तोंड नेमकं समोरासमोर येत नाही. मधे कड राहते, वायू तिच्यावर आपटतो. इंजिनाला जुना वायू पुरता सोडता आला नाही तर नवा पुरता घेता येत नाही. मग गाडी चढावर दम टाकते, गरम होते, पेट्रोल पिते, आणि मालकाला कोणीतरी सांगतं, भंगारात घाला.

या भंगारात घालाचा मला राग आहे. चाळीस वर्षं चाललेलं इंजिन एका कडेपायी मोडीत काढायचं, आणि ते सांगणाऱ्यानं मॅनिफोल्ड खोलून आत बोटसुद्धा घातलेलं नसतं.

गिऱ्हाइकं सगळी अशी गरजेची येत नाहीत. एक तरुण आला, वडिलांची जुनी मोटार घेऊन. त्याला आवाज पाहिजे होता, चौकातून गेलं की लोकांनी वळून पाहावं असा. मी म्हटलं, माझ्या कामानं गाडी सुधारते, आवाज वाढत नाही. तो खरोखर काळजीत पडला. म्हणाला, "ताई, आवाज नाई तं मंग लोकायले कसं समजन का गाडी सुधारली?" फटफटणाऱ्या सायलेन्सरविरुद्ध मी छापलेलं पत्रक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं आणि दुसरीकडे जाऊन आवाज करून घेतला.

दुसरे मेहकरकडचे एक मोठे शेतकरी. आजोबांच्या काळातली मोटार. त्यांना नळ्या आतून आरशासारख्या चकचकीत पाहिजे होत्या. मी सांगितलं, एवढ्या चकाकीनं वायूला फरक पडत नाही, आणि पहिल्याच फेरीत काजळी धरेल. ते म्हणाले, चालेल, पण पाहुण्यांना दाखवायचंय. मी म्हटलं, काका, इंजिनावर बसवला की कोणालाच आतलं दिसणार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग बसवू नको." तो मॅनिफोल्ड आज त्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात आहे. मोटार बाहेर शेडमध्ये त्याच्याविना उभी आहे.

आता कापूस. माझे बाबा खामगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. जिनिंगमध्ये कापूस हवेच्या जोरावर पत्र्याच्या मोठ्या नळांतून फिरतो. नळाच्या जोडावर आतून बारीकसा दात जरी राहिला तरी तिथं तंतू अडकतो, त्यावर दुसरा अडकतो, गोळा होतो आणि नळ तुंबतो. घर्षणानं पेट घेतला तर सगळंच गेलं. म्हणून बाबा जोड बसवला की काठीला कापसाचा पुंजका बांधून आतून फिरवायचे. अडकला तिथं कानस. पुन्हा फिरवायचे. कापूस अख्खा बाहेर आला की जोड पास.

मी हेच मॅनिफोल्डवर आणलं. तारेला पुंजका बांधायचा आणि नळीतून ओढायचा. बोटाला न कळणारा काटा कापसाला कळतो. तंतू जिथं राहतात तिथं ग्राइंडर चालवायचा. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं हे पाहिलं आणि हसला. नंतर त्यानंच गुपचूप अर्धा किलो सरकी काढलेला कापूस मागून नेला. माझी पद्धत म्हणून मी तिचा फार अभिमान बाळगला. या लेखात पुढं जे झालं ते त्या अभिमानापायी झालं.

नामदेवकाका पिंपळगाव राजाचे. बाबांच्याच जिनिंगमध्ये ड्रायव्हर होते. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मोटार काकांकडे आली. त्या मोटारीतून काका रोज सकाळी गावातल्या सहा मुलींना खामगावच्या कॉलेजात आणतात आणि दुपारी परत नेतात. पेट्रोल मुलींच्या घरचे मिळून भरतात. ही मोटार का लागते, तर कॉलेजच्या वेळेला पोचवणारी सकाळची बस नाही. सतरा वर्षांची असताना मी आयुष्यातलं पहिलं पत्रक याच बससाठी लिहिलं होतं. बस आली नाही. मोटार आली.

आणि गावाचा नियम असा की गाडी बिघडली की मुलीचं शिक्षण बिघडतं. मुलाचं नाही. मुलाला मोटारसायकल मिळते.

मोटार चढावर बसायला लागली होती. नाल्याजवळच्या चढाला काका दोन मुलींना खाली उतरवायचे, वर जाऊन थांबायचे, मुली चालत वर यायच्या. आठवड्यात दोनदा पहिला तास बुडायचा. घरांतून बोलणं सुरू झालं होतं की असंच चालणार असेल तर कशाला पाठवायचं. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी काका मोटार घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, पोरी, एवढी एक गाडी उभी राह्यली तं सहा पोट्ट्या घरी बसतात, पाहून घे.

खोलून पाहिलं. कोणीतरी पूर्वी दुसऱ्याच मॉडेलचा मॅनिफोल्ड त्यावर ठोकून बसवला होता. बोल्ट जुळत होते, तोंडं जुळत नव्हती. प्रत्येक भोकाच्या आत हरभऱ्याएवढी जाड कड आली होती. इंजिन चारही नाकपुड्या अर्ध्या दाबून इतकी वर्षं पळत होतं.

असं काम म्हणजे माझी दिवाळी. गॅस्केट, म्हणजे मधे बसणारी पातळ पट्टी, तोंडावर ठेवून निळ्या शाईनं रेघ मारली. रेघेपर्यंत कड काढली, आत बोटभर उतरता उतार दिला. इथं थांबले असते तर काम उत्तम झालं असतं. पण मी कापूस ओढला. तिसऱ्या नळीच्या वळणात तंतू राहिले. घासलं. पुन्हा ओढला, पुन्हा दोन तंतू. पुन्हा घासलं. हट्टाला पेटले होते. तिसऱ्या दिवशी पुंजका चारही नळ्यांतून जसा गेला तसा बाहेर आला, पांढरा शुभ्र. मी तो बाबांना नेऊन दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि मान डोलावली.

मोटार नाल्याचा चढ सगळ्या मुलींसकट चढली. काकांनी वर जाऊन उगाचच हॉर्न वाजवला, असं पायलनं सांगितलं. पायल म्हणजे त्या सहांमधली सगळ्यात बोलकी, तेव्हा अकरावीला. मी मोटारीच्या मागच्या काचेवर माझ्या वर्कशॉपचं नाव चिकटवलं.

दिवाळी झाली, थंडी पडली. मुली डोकं दुखतं म्हणायला लागल्या.

त्यावर गावात जे जे बोललं गेलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. सकाळी खात नाहीत. मोबाइल पाहतात. अभ्यास झेपत नाही. कॉलेजात जाऊन नाटकं शिकल्या. वैष्णवी नावाची एक शांत मुलगी होती, ती एकदा मोटारीतून उतरताच ओकली. तर तिच्याबद्दल काय बोललं गेलं असेल ते मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्या बायांना माहीत आहे. सहा मुलींचं एकाच वेळी, एकाच जागी डोकं दुखतं याचा अर्थ त्या जागेत काहीतरी आहे, हे एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी ऐकलं होतं आणि थंडी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

ते आलं पायलच्या डोक्यात. एका दुपारी ती कॉलेजातून चालत माझ्या शटरपाशी आली आणि म्हणाली, "ताई, काकाच्या गाडीत बसलं का डोकं दुखते. उतरलं का थोड्या वेळानं थांबते. मी खिडकीजवळ बसतो अन् काच खाली करतो, मले कमी होते. वैष्णवी मधात बसते, तिले सगळ्यात जास्त."

मी हातातलं टाकलं आणि काकांना फोन केला, मोटार जिथं आहे तिथंच बंद करा. कॉलेजबाहेरून आम्ही ती ढकलत आणली. मॅनिफोल्ड खोलून उलटा केला. तिसऱ्या नळीच्या वळणाखाली बोटभर चीर होती आणि भोवती काजळीचा काळा ओघळ.

जळका वायू चिरेतून इंजिनाखाली सुटत होता आणि पायाजवळच्या गंजक्या भोकांतून मुलींपर्यंत येत होता. गरमीत काचा खाली होत्या तोवर निघून जात होता. थंडीत काचा वर गेल्या. त्या वायूत जो खरा घातक भाग असतो त्याला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग झोप येते. झोपेच्या पुढचं मी लिहीत नाही. लांबचा रस्ता असता तर ते लिहावं लागलं असतं.

बाबांनी ते बीड हातात घेतलं, नखानं टकटक वाजवत वळणापर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, "पत्रा सगळीकडं सारखा असते वं. हे ओतलेलं हाय. साचा जिकडं हलला तिकडं पातळ. कापसाले तू इचारलं का अडकतं का, त्यानं सांगितलं नाई अडकत. किती उरलं ते तू त्याले इचारलंच नाई."

आणि मग स्वतःशीच म्हणाले, मीबी नाई इचारलं.

ही चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकत होती. जिनिंगच्या नळाला गुळगुळीत असणं पुरतं. मॅनिफोल्डला भिंतही लागते. जाडी मोजायचा वाकड्या पायांचा कॅलिपर माझ्या खोक्यात होता. त्याच्यावर धूळ होती, कारण माझ्याकडे कापूस होता.

नामदेवकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोलले ते मी विसरणार नाही.

"वेल्डिंग मार अन् बसव. कोनाले काई सांगू नोको."

मी म्हटलं, बिडाचं वेल्डिंग इंजिनाच्या गरमीत टिकत नाही काका, पुन्हा उकलेल.

"मंग दुसरा आन. पन सांगू नोको, पोरी. सांगितलं तं उद्यापासून एकबी पोट्टी माह्या गाडीत बसनार नाई. अन् गाडीत नाई बसली तं ते कालेजात बी नाई जानार. तुह्या खरं बोलन्यापायी सहा जनी घरी बसतीन. तुले चालते का?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच अवघड. गावाला एक निमित्त हवंच होतं, आणि ते माझ्या हातानं तयार झालं होतं. काकांना स्वतःचं नाव वाचवायचं नव्हतं, ते मुलींचंच बोलत होते. पण मुली डोकं धरून बसल्या तेव्हा त्यांना खोटं ठरवलं गेलं होतं. मी गप्प राहिले असते तर त्या कायमच्या खोट्या ठरल्या असत्या. शिवाय मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली त्या सगळ्यांत दुसऱ्याला एकच प्रश्न विचारला होता, की तुम्ही लपवलं का. मी काकांना म्हटलं, चालत नाही, पण सांगणार. ते उठून गेले.

पत्रक मी त्याच संध्याकाळी लिहिलं. काय झालं: मोटारीचा मॅनिफोल्ड चिरला, विषारी वायू आत आला, मुली खरं बोलत होत्या. कोणी केलं: मी केलं, नंदानं, भिंत न मोजता घासून. नामदेवकाकांचा दोष नाही. काय पाहिजे: गाडी दुरुस्त होईपर्यंत, गावात दाराशी उभ्या असलेल्या मोटारसायकलींवरून या मुलींना कॉलेजात सोडा. दुसऱ्या दिवशी पिंपळगाव राजात मी ते स्वतः घरोघरी वाटलं. आतापर्यंत पत्रक देताना माझी मान वर असायची. या वेळी दार उघडेपर्यंत मी कागदाकडे बघत होते.

पायलचे वडील मोटारसायकल काढायला तयार झाले, आणखी एकानं दोन दिवस सोडलं. बाकी दारं बंद. वैष्णवीचे वडील गजाननभाऊ यांनी पत्रक पूर्ण वाचलं, नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं. "बरं झालं सांगितलं. आता पोरगी घरीच राहीन."

बरोबर मॉडेलचा मॅनिफोल्ड अकोल्याच्या भंगारात सापडला. या वेळी आधी कॅलिपर. इंचाइंचाला जाडी मोजली, खडूनं बाहेरून आकडे लिहिले, पातळ जागेवर फुली मारली. तोंडं जुळवली आणि थांबले. कापूस ओढला तेव्हा वळणात चार तंतू राहिले. ते राहू दिले. हात शिवशिवत होते, पण राहू दिले. मोटारीच्या पुढच्या पत्र्याची गंजकी भोकंही बुजवली.

मग चिरलेला मॅनिफोल्ड, नवा मॅनिफोल्ड आणि जिनिंगचा हवा मारायचा एक जुना ब्लोअर टेम्पोत घालून मी गावात गेले. शाळेसमोर सगळं मांडलं. मॅनिफोल्डची चारही तोंडं पट्टी आवळून बंद केली, मागून हवा भरली, वरून साबणाचं पाणी ओतलं. चिरलेल्यावर फुगे आले. सगळ्यांना कळलं मुलींच्या डोक्यात काय जात होतं. नव्यावर एकही आला नाही. बायाही आल्या होत्या. एक आजी वाकून चिरेवर हात धरून म्हणाली, हे पोट्ट्यायनं सांगितलं होतं अन् आपून त्यायलेच बोल्लो. ते तिनं सगळ्यांसमोर म्हटलं, आणि मला वाटतं त्या दिवशी काम माझ्या ब्लोअरनं नाही, तिनं केलं.

गजाननभाऊ हाताची घडी घालून मागे उभे होते. म्हणाले, आज फुगा नाई आला, उद्याचं कोन सांगते? मी म्हटलं, दर महिन्याला ब्लोअर घेऊन येईन, इथंच, तुमच्यासमोर.

नामदेवकाका दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार घेऊन निघाले. पहिल्या दिवशी तीन मुली, आठवड्यानं पाच. वैष्णवी आली नाही. तिची अकरावी राहिली.

काका म्हणाले होते सहा जणी घरी बसतील. एक बसली. एकच म्हणून मी समाधान मानावं असं मला काही लोक सांगतात. ते लोक तिच्या घरी गेलेले नाहीत. मी दर महिन्याला जाते. शाळेसमोर ब्लोअर लावते, साबणाचं पाणी ओतायचा मान नामदेवकाकांचा, आणि मग मी वैष्णवीच्या दारी जाते. गजाननभाऊ चहा देतात. वैष्णवी तो आणून ठेवते आणि दाराशी उभी राहते. मी सांगते की पुन्हा प्रवेश मिळतो. ते नाही म्हणतात. मी पुढच्या महिन्यात येते म्हणून उठते.

दरम्यान धंदा चालू आहे. ते पत्रक मी वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवलं आहे, आणि एक शटरवर आतून. शटर खाली ओढलं की ते माझ्यासमोर येतं. काही गिऱ्हाइकं भिंतीवरचं वाचून परत गेली. जी थांबतात त्यांना मी आधी जाडीचे आकडे दाखवते, मग काम घेते. गरमागरम चर्चा होतात. एकानं विचारलं, स्वतःची बदनामी कोणी भिंतीवर लावतं का. मी म्हटलं, दुसऱ्यांची लावत होते तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होता.

गेल्या महिन्यात गजाननभाऊ शाळेसमोर आले. बोलावलं नव्हतं. ब्लोअर बंद होईपर्यंत उभे राहिले. सगळे पांगल्यावर जवळ आले, मोटारीचं मागचं दार उघडलं, वाकून आत पाहिलं. काचेची मूठ फिरवून काच खाली केली, पुन्हा वर केली.

"खिडकीजवळची जागा भेटन का तिले?"

मी म्हटलं, भेटेल. ती जागा पायलची होती. पायल आता बारावीला आहे, अर्ध्या तासाची झोप ती त्याच काचेला डोकं टेकून काढायची. हे तिला कसं सांगावं याचा विचार करत मी त्यानंतरच्या सोमवारी कॉलेजबाहेर उभी राहिले.

मोटार आली. पायल मधे बसली होती. खिडकीजवळची जागा रिकामी होती, आणि तिच्यावर तिनं आपलं दप्तर ठेवलं होतं, वैष्णवी येईपर्यंत दुसरं कोणी बसू नये म्हणून.